डावीकडचं पेडल

सातपूरला शफीचाचांच्या गॅरेजात गाडी लावता लावताच निलोफरनं सांगून टाकलं, "वत्सलाकाकूंनी क्लचची प्लेट जाळली, चाचा. सांगून सांगून घसा बसला, पण क्लचवरचा पाय काही उचलायच्या नाहीत."

निलोफर बायकांना गाडी शिकवायची. एक जण चालवायची, बाकीच्या मागच्या सीटवर बसून बघायच्या. सोमवारी चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी काही सरकेना, आणि जळका वास सुटला. मागे अंजली नि निकिता बसलेल्या. त्यांच्यादेखत निलोफर कडाडली, "काकू, तुमच्यानं नाही व्हायचं हे! घरी बसा."

वत्सलाकाकू उतरल्या नि चालत घरी गेल्या. यजमान गेल्यापासून त्यांची गाडी दारात झाकून उभी होती. ती आपण स्वतः चालवायची, एवढ्यासाठी त्या या वयात शिकत होत्या. आता ती विकायला काढली होती. आज संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, असं अंजलीकडून कळलं होतं.

चाचांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असता तर इंजिन गचका देऊन बंद पडलं असतं. हे आपलं सुरूच.

"गेली प्लेट," चाचा म्हणाले.

गिअरबॉक्स खाली उतरला. क्लच म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. दोन ताटांमध्ये भाकरी दाबून धरावी, तशी एक खरबरीत चकती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दाबलेली असते. पेडल दाबलं की ती सुटी होते. पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवला तर ती धड सुटतही नाही नि धड पकडतही नाही, नुसती घासत राहते. ही चकती घासून घासून आतल्या रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत आली होती.

"एका चढावर नाही होत असं," चाचा चकती फिरवत म्हणाले. "कित्येक महिने कुणीतरी पाय टेकवून बसलंय."

"पण काकू तर आत्ता आत्ता यायला लागल्या."

बोलता बोलता निलोफरची नजर गाडीत गेली. शिकणारीच्या बाजूला क्लचच्या रबरावरच्या रेघा अजून शाबूत होत्या. डावीकडे, शिकवणारीसाठी बसवलेल्या जास्तीच्या क्लचचं रबर मात्र गुळगुळीत झालं होतं. तिच्या चपलेच्या अंगठ्याएवढा खळगाच पडला होता तिथं. गाडी सुटली तर? कुणाला धडकली तर? या धास्तीनं तिचा पाय कायम तिथंच असायचा. "पाय बाजूला ठेवा" असं सगळ्यांना सांगतानासुद्धा.

चाचांनीही वाकून पाहिलं. "मास्तरीणबाईंचाच पाय भारी दिसतो!"

निलोफरला हसू आलं नाही.

नवा क्लच बसला. चाचांनी पुन्हा तसंच करून पाहिलं. इंजिन गचका देऊन बंद पडलं. आता फोन करून 'गाडी नीट झाली, या काकू' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं? पण तिनं गाडी तशीच काकूंच्या दारात नेली.

काकू आपली विकायची गाडी पुसत होत्या.

"काकू, क्लच तुम्ही नाही जाळलात. माझाच पाय असायचा त्याच्यावर."

काकूंचं फडकं थांबलं नाही. "बोललीस दोघींसमोर, आणि सांगतेस मला एकटीला?"

निलोफरनं मोबाइल काढला. तिनं अंजलीला फोन लावला, निकितालाही त्यात घेतलं आणि स्पीकर चालू करून पुन्हा सगळं सांगितलं.

"मॅडम, मग क्लचवरून मला ओरडलात तेही परत घ्या!" निकिता पलीकडून ओरडली.

"घेतलं," निलोफर म्हणाली.

काकूंनी फडकं झटकलं. "गिऱ्हाईक येईस्तोवर चल तुझ्या गाडीत, तोच चढ घेऊ."

चढावर इंजिन बंद पडलं. निलोफरचा पाय उसळला. तिनं गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. गाडी किंचित मागे आली. काकूंनी स्वतःच हँडब्रेक ओढला, इंजिन सुरू केलं, क्लच सावकाश सोडला. गाडी थरथरली आणि चढू लागली.

"गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते बघते मी," काकू समोर बघतच म्हणाल्या. "तू पाय तेवढा आवर."

चढ संपला तरी निलोफरनं गुडघा सोडला नव्हता.