रेंजचा धोंडा

भोरच्या दुकानदाराने मोबाईल विकताना आनंदरावांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की इथून वेल्ह्यापर्यंत कुठेही उभे राहा, रेंज मिळणारच. तो अगदीच खोटं बोलला नव्हता. विंझरमध्ये रेंज मिळत होती, पण ती एकाच धोंड्यावर. रस्त्याकडेच्या त्या काळ्या धोंड्यावर चढलं की मोबाईलला दोन दांड्या येत, खाली उतरलं की गायब.

आनंदराव वेल्ह्याच्या पंचायत समितीत कारकून. मुलीच्या शाळेमुळे बायको कुंदा भोरला आणि हे विंझरला ठकुबाईंच्या घरी भाड्याच्या खोलीत, असा दोन हजार चार सालातला त्यांचा संसार. माणूस सज्जन, पण चारचौघांत काय आणि घरात काय, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येई.

त्यांनी कंपनीकडे तक्रारही केली. आता रेंज नाही हे सांगायलाही रेंज लागते, तेव्हा तक्रार धोंड्यावरूनच करावी लागली. पलीकडची मुलगी मंजुळ आवाजात म्हणाली, "पण सर, तुमचा आवाज तर स्वच्छ येतोय!" आनंदरावांनी फोन बंद केला. वैतागून त्यांनी दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं, तर धोंड्यावरच्या दोन दांड्यांची एक झाली. मुकाट्याने जुनं कार्ड परत आत गेलं.

अशातच कुंदाचा बी.ए.चा निकाल लागला. पोळ्या लाटता लाटता अभ्यास करून, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून ती पास झाली होती. शनिवारी आनंदराव घरी आले तेव्हा तिने गुणपत्रिका त्यांच्यापुढे धरली. ते "बरं झालं" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. खरं तर त्यांचा ऊर भरून आला होता. न्हाणीत उभं राहून त्यांनी डोळ्यांवर पुन्हा पुन्हा पाणी मारलं. पण बाहेर बसलेल्या कुंदाला ते कसं कळावं?

"पदवी घ्यायला नाशिकला मी माझी माझी जाईन," ती रात्रीचं ताट वाढताना म्हणाली. "तुम्ही उगीच रजा वाया घालवू नका."

रविवारभर ती कामापुरतंच बोलली. सोमवारी एसटीत बसल्यावर आनंदरावांना तिचं ते बोलणं पुन्हा पुन्हा आठवू लागलं. एवढ्या मोठ्या दिवशी ती एकटीच नाशिकला गेली, तर हा काटा जन्मभर राहणार होता. संध्याकाळी ते धोंड्यापाशी आले, तर तिथे ठकुबाई धरून चार माणसं नंबर लावून बसलेली. आनंदराव आपला नंबर आल्यावर वर चढले, सगळ्यांकडे पाठ केली आणि घरचा फोन लावला.

"कुंदा, मी बोलतोय."

"बोला."

"तू पास झालीस... मला फार बरं वाटलं," ते पुटपुटले.

"काय वाटलं? ऐकू येत नाही."

"बरं वाटलं!"

"नाही येत ऐकू."

आनंदरावांचे कान तापले. खाली बसलेल्या ठकुबाईंना राहवलं नाही. "भाऊसाहेब, तोरण्याकडं तोंड करा. आन् जरा जोरात बोला की. आमाला हितं समदं ऐकू येतंय, बाईंनाच न्हाई!"

आनंदरावांनी तोरण्याकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते ओरडून सांगितलं. "कुंदा! तुझा मला अभिमान वाटतो! त्या दिवशी मला रडू येत होतं, म्हणून बोललो नाही! मी नाशिकला येणार तुझ्याबरोबर!"

रस्त्याने जाणाऱ्या सायकलवाल्याने पाय टेकला.

"रजा टाका मग," कुंदा म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

दोघं नाशिकला जाऊन आले. पुढे दिवाळीनंतर ठकुबाईंच्या परड्यामागेच कंपनीचा टॉवर उभा राहिला आणि आनंदरावांना खाटेवर पडल्या पडल्या फोन करता येऊ लागला. बोलणं मात्र पुन्हा पूर्वीच्या वळणावर गेलं. जेवलीस का, बरं, ठेवू का. धोंड्याकडे कोणी फिरकेनासं झालं.

एका संध्याकाळी कुंदा फोनवर म्हणाली, "उत्रोलीच्या शाळेत शिकवायला बोलावलंय मला. सोमवारपासून."

"बरं झालं," आनंदराव म्हणाले.

"काय? ऐकू येत नाही."

"अगं, सगळ्या दांड्या आहेत इथे."

"असतील. मला नाही येत ऐकू."

आनंदरावांनी मोबाईल कानापासून दूर धरून पाहिला. दांड्या ओळीने उभ्या होत्या. मग त्यांना तो धोंड्यावरचा दिवस आठवला. आपण पहिल्यांदा नुसतं पुटपुटलो होतो, आणि तरी तिने त्यातलाच शब्द उचलून विचारलं होतं, काय वाटलं? म्हणजे तेव्हाही तिला सगळं ऐकू आलं होतं. ते एकटेच हसले. इतकी वर्षं हिला किती थोडं दिलं आपण, या विचाराने त्यांना वाईटही वाटलं.

"थांब, फोन ठेवू नकोस," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या ठकुबाईंनी मान वर केली. "कुठं निघाला, भाऊसाहेब? टावर बिघडला व्हय?"

"टॉवर ठीक आहे," आनंदराव म्हणाले आणि रस्त्याला लागले.

धोंड्यावर कोणी नव्हतं. ते वर चढले, तोरण्याकडे तोंड केलं आणि पोटातून हाक मारली, "कुंदा!"

"हं," ती पलीकडून म्हणाली. "आता येतंय. बोला."