कुठलीही एरर चालेल

ग्राहकाची यंत्रं बंद पडली आणि सोबत चाचण्या लिहिणाऱ्या त्साओनं खापर पेइलिंगच्या माथी फोडलं. अहवालात एकच ओळ: 'चाचणीतला निष्काळजीपणा, चिउ पेइलिंग.' सोमवारपासून तिची रवानगी ग्राहकांचे फोन घेण्यावर. सिन्चूच्या त्या कंपनीत सहा वर्षं कंपायलरची, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरची, राखण केलेली बाई आता हॅलो हॅलो करत बसणार!

वर चारचौघांत चेष्टा. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरवर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट उचलून तो म्हणाला, "बघा, तारीख उलटलीय. हिला पाकीटसुद्धा बदलायला जमत नाही, मग मशीन रुसणारच की!"

याला सोडायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं.

मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम द्यायचा आणि कंपायलर तक्रार करतो का ते बघायचं, अशा या चाचण्या. तक्रार अमुक ओळीवर, अमुकच शब्दांत आली पाहिजे, असं पेइलिंग लिहायची. त्साओ लिहायचा, 'एरर आली की पास.' आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं! तीन दिवस खपून तिनं त्याच्या एकशेचाळीस चाचण्यांत ओळ आणि शब्द भरले. बाकी कशाला बोटही लावलं नाही.

शुक्रवारी विभागप्रमुख लिआओबाईंसमोर तिनं सगळ्या चालवल्या. एकवीस लाल झाल्या, म्हणजे नापास.

"काहीतरी मोडून ठेवलंय हिनं," त्साओ म्हणाला.

"राखीव मेमरीत लिहायला बंदी, ती ही तुमची चाचणी," पेइलिंग म्हणाली. " ग्राहकाकडे हीच बंदी चालली नाही. कंपायलरची तक्रार काय आलीय, वाचा ना मोठ्यानं, त्साओसाहेब."

"पहिली ओळ. फाइल सापडली नाही."

दोन वर्षं ती चाचणी या भलत्याच एररवर पास होत होती. पेइलिंगनं फाइल जागेवर ठेवून पुन्हा चालवली. आता कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. चुकीचा प्रोग्रॅम गुमान गिळला. त्साओनं पास ठरवलेली बंदी कधी चाललीच नव्हती.

"अहवाल नव्यानं लिही, पेइलिंग," लिआओबाई म्हणाल्या. "सोमवारी फोनवर कोण बसणार, ते तो वाचून ठरवते."

त्साओ तिच्या टेबलाशी आला. "अगं, 'तांत्रिक चूक' एवढंच लिही ना. रोज एकत्र जेवतो आपण. नाव कशाला?"

तिला जराही दया आली नाही. फाइल, ओळ, तारीख, त्साओ मिंगहुई. तिनं अहवाल पाठवला आणि ते जुनं हिरवं पाकीट त्याच्या हातात दिलं.

"घेऊन जा. फोनला तारीख उलटलेलं चालतं."