आजीबाईच्या डोळ्यांची राखणदार

मी एक म्हातारी गांधीलमाशी आहे. लगेच हात झटकू नका, मित्रांनो, आणि "आई गं, चावेल!" म्हणून पळत तर मुळीच सुटू नका. मी तांदळाच्या कणीएवढी आहे आणि माणसांना डसणं आमच्या घराण्यात नाही. माझ्या शेपटीला सुई आहे खरी, पण ती तुमच्यासाठी नाही, माश्यांसाठी आहे. वय विचाराल तर तीन आठवडे उलटून गेले. आमच्यात याला पिकलं पान म्हणतात.

माझा जन्मच मुळी माशीच्या घरात झाला. माशीची अळी पोसली की तिच्याभोवती तपकिरी, टणक कवच तयार होतं. त्याला कोष म्हणतात. माझ्या आईने तसल्या एका कोषाला सुईने भोक पाडून आत एक अंडं घातलं. त्यातून मी अळी होऊन निघाले आणि आत घडत असलेली माशी हळूहळू फस्त केली. नाकं मुरडू नका! समोर वाढलेलं ताट तुम्ही तरी कधी परत पाठवता? मग मी कवच कुरतडून बाहेर आले. जगात एक माशी यायची होती, तिच्या जागी मी आले. असा जन्म सगळ्यांच्या नशिबी नसतो.

माश्या कमी व्हाव्यात म्हणून माणसं आम्हाला मुद्दाम वाढवतात. आम्ही कोषातच होतो तेव्हा आम्हाला भुशात घालून, कागदी पिशवीतून एका तबेल्यात आणलं गेलं. तिथे लहान मुलं घोड्यावर बसायला शिकत. नवीन मूल आलं की आधी त्याला आजीबाईवर बसवायचे. आजीबाई म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी, पांढरी घोडी. ती कुणाला पाडत नसे, घाई करत नसे. पण माश्या तिच्या डोळ्यांच्या कडांना घोस करून बसायच्या. डोळे सुजून गळायचे. औषध फवारावं तर तिला दम्यासारखा खोकला होता. मागच्या फवारणीला ती इतकी खोकली की पाय लटपटून खालीच बसली.

तबेला एका बहीणभावाचा. थोरली आक्का घोड्यांना खरारा करायची, लीद उचलायची. धाकटा भाऊ मुलांना शिकवायचा. भावाने एक दिवस सांगूनच टाकलं, "आक्का, या महिन्यात माश्या हटल्या नाहीत तर मी फवारणी करणार. ते तिला सोसत नसेल तर तिला कुणाला तरी देऊन टाकू. बाकीच्या घोड्यांचे हाल मी नाही बघणार."

"माझ्या हातावर वाढलीय ती," एवढंच आक्का म्हणाली आणि आजीबाईचे डोळे पुसू लागली.

म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पाठवलं होतं. मी बाहेर आले ती पदर खोचूनच. पाण्याच्या हौदामागे ओल्या गवतात माश्यांचे कोष होते. कलिंगड घेताना माणसं टिचक्या मारतात ना, तशी मी मिशांनी प्रत्येक कोष ठोकून बघायची. पसंत पडला की सुई आत. आणि एक गंमत सांगते, मुलगा की मुलगी हे आमच्यात आईच ठरवते. मी बहुतेक मुलीच घातल्या. आमच्याकडे मुलींचंच कौतुक असतं, कारण काम त्याच करतात.

पण आक्का स्वच्छतेची भोक्ती! तिचा झाडू त्या कोपऱ्यात पोचला आणि कोषांचा ढीग तिच्या नजरेला पडला. ती कडाडली, "अरे देवा! पिशवीतून माश्याच आणल्यात की विकत!" भाऊ म्हणाला, "ओत उकळतं पाणी त्यावर." माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. माझी सगळी लेकरं त्या ढिगात होती.

आक्का मात्र हट्टी. "छे! पुरावा ठेवणार मी. यातून माश्या निघू देत, मग त्या बाईंच्या पुढ्यात ठेवते." तिने सगळे कोष काचेच्या बरणीत भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी खिडकीत ठेवली. कोषांबरोबर मीही आत गेले. मित्रांनो, मी तिथेही हात जोडून बसले नाही. उरलेले कोष शोधून मी माझं काम चालूच ठेवलं.

थोड्याच दिवसांत बरणीत खरंच माश्या निघाल्या. माझ्या तावडीतून सुटलेल्या होत्या त्या. आक्काने डॉक्टरीणबाईंपुढे बरणी आदळली. "बघा तुमचे मित्रकीटक!"

बाईंनी बरणी उजेडात धरली. "आक्का, माशी आधी निघते, गांधीलमाशी मागून. जे कोष अजून बंद आहेत ते टाकू नका. थोडं थांबा."

"थांबू? आणि तिचे डोळे?"

"ते तोवर तुम्ही सांभाळा. आणि लीद साठू देऊ नका, नुसत्या या किड्यांच्या जिवावर तबेला चालत नाही."

तेवढं मात्र खरं बोलल्या. आक्का पुटपुटत राहिली, पण थांबली. रोज ओल्या फडक्याने आजीबाईचे डोळे पुसायची आणि जाता-येता माझ्या बरणीकडे डोळे वटारायची. भावाने फवारणीचं मशीन दारात आणून ठेवलं होतं. महिना सरत आला होता.

मग एका सकाळी कोषाला बारीक भोक पडलं. आधी माझे मुलगे निघाले आणि बहिणींची वाट बघत दारातच घुटमळले. मागून मुली निघाल्या, एकीमागून एक, काळ्याभोर, चकचकीत! आक्का बरणीला नाक लावून बघत राहिली. "अरे, ये इकडे! माशी नाहीये ही!" भाऊ आला, त्याने पाहिलं आणि मशीन उचलून परत द्यायला गेला.

बरणीतल्या माश्या केव्हाच मरून पडल्या होत्या. आक्काने फडकं सोडून बरणी कोपऱ्यात आडवी केली. पोरी गवतात पांगल्या. मी थकलेली, तिच्या मनगटावर चढले. तिने सवयीने अंगठा उगारला. मी डोळे मिटले असते, पण आम्हाला पापण्या नसतात. अंगठा वरच थांबला. ती वाकली, जवळून बघितलं.

"अगंबाई, तू होय? जा, कामाला लाग." आणि तिने मला हलकेच गवतावर उतरवलं.

मित्रांनो, अंगावर काही चाललं तर हात उगारा हवं तर, पण खाली आणण्याआधी एकदा वाकून बघा. शत्रू आणि राखणदार दोघेही लहानच दिसतात.

समोर आजीबाई उभी आहे. डोळ्यांवर एखाददुसरीच माशी, तीही मानेच्या एका झटक्यात उडाली. आणि हौदामागे मला अजून एक कोष दिसतोय. माझ्याकडे एक अंडं शिल्लक आहे. मुलीचंच.