पालक बदलण्याची विनंती

शिवराजनं दुबईहून फोन करणं सोडलं त्याला आठ महिने झाले. शाळेच्या ॲपवर त्याची मंजुरी मात्र न चुकता यायची. सून गेल्यापासून नात आरोही सोलापुरात म्हाळसाबाईंपाशीच होती. रजा असो की सहल, म्हाळसाबाई चष्मा लावून विनंती भरायच्या. शिवराज नोंदलेला पालक, म्हणून विनंती कारणासकट त्याच्या फोनवर जायची आणि ओटीपीही. त्यानं तो टाकला की इकडं हिरवी खूण उमटायची. लेक धड आहे, एवढं तरी कळायचं. वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, आजी, तुमचाच नंबर लावू, सोपं पडेल. म्हाळसाबाईंनी विषय बदलला होता.

श्रावणात त्यांनी गुरुवारचं मौन धरलं. सकाळची आरती होईस्तोवर शब्द काढायचा नाही. स्वामींपाशी मागणं एकच, लेकाचा आवाज कानी पडावा. शिवराजला या व्रताचा पत्ताही नव्हता.

त्या गुरुवारी अक्कलकोटच्या सहलीची मंजुरी दहाच्या आत हवी होती. पावणेदहा झाले तरी खूण येईना. त्या गंध उगाळत होत्या आणि फोन वाजला. शिवराजचाच. तशाच ओल्या बोटांनी त्यांनी उचलला.

"आई, सहलीला पोरीबरोबर कोण जातंय?"

तोंड उघडावं तर त्याच्यासाठीच धरलेलं मौन मोडायचं, आणि देवानं दिलेलं परत नेलं तर? म्हाळसाबाईंनी घाईघाईनं घंटा वाजवली.

"पूजेत हायस व्हय? का बोलायचंच न्हाई माज्याशी?" त्यांनी पुन्हा घंटा हलवली. "बरोबर हाय तुजं. मी तरी कुटं बोललो."

फोन बंद झाला. लगेच हिरवी खूण आली, आणि तिच्याखाली शिवराजकडून नवी ओळ: पालक बदलण्याची विनंती. शिवराजऐवजी म्हाळसाबाई. मंजूर की नामंजूर?

आरती त्यांनी एक कडवंही न गाळता म्हटली. मग फोन लावला. तीनदा नुसता वाजत राहिला.

त्यांनी नामंजूर दाबलं. मग शुक्रवारी आरोहीला अर्धा तास लवकर न्यायची विनंती भरायला घेतली. कारणाच्या रकान्यात एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'गुरुवारी आरतीपर्यंत माझं मौन असतं बाळा. आता बोलते. फोन उचल.'

पाठवलं, आणि फोनच्या काचेवर वाळलेलं गंध पदरानं पुसत त्या देवापुढंच बसून राहिल्या.