नळीवरचा हात

धार थांबली तशी एल्मिनाने होडीची मोटर बंद केली. मोटर गार ठेवणारं पाणी आत खेचलं जातंय याची तेवढीच खूण होती, मागच्या भोकातून पडणारी बोटभर धार. झाकणावर थुंकून पाहिलं, तर थुंकी चुरकन वाळली.

होडीच्या तळाशी, ओल्या गोणपाटावर, तिचा धाकटा भाऊ नॉर्वेल उताणा पडला होता. शेवंडं धरायला सकाळपासून अकरा वेळा तो समुद्राच्या तळाशी गेला होता. अकराव्यांदा वर आला तो कमरेखाली लाकूड होऊनच. पाणबुड्यांच्या बोटीच्या तांडेलाने त्याला गावच्या धक्क्यावर उतरवलं आणि बोट परत फिरवली. खोलातून पुन्हा पुन्हा वर येऊन असे लुळे पडलेल्यांना हवेच्या दाबाखाली ठेवायची टाकी कारातास्का सरोवरापलीकडच्या दवाखान्यात होती. अंधार पडायच्या आत पोचवलं तर पाय परत येतात, असं गावात सगळेच सांगत. उशिरा पोचलेले मात्र काही बोलत नसत.

चालत्या होड्या सगळ्या समुद्रावर गेलेल्या. उरली ती एल्मिनाच्या मेलेल्या नवऱ्याची ही मोटर, दोन वर्षं झापाखाली पडलेली.

"काय झालं, ताई?"

"तापलीय. तू पडून राहा."

"पडूनच आहे की. उठून नाचू का?"

ती हसली नाही. सरोवर तिथे उथळ, पाणी छातीपर्यंत. पान्हा दातांत धरून ती उतरली आणि मोटरच्या खालच्या अंगाचे बोल्ट सोडवू लागली. नवऱ्याला हे करताना तिने शंभरदा पाहिलं होतं, स्वतः हात कधी लावला नव्हता. चौथ्या बोल्टाने बोटांची सालं काढली. पाणी खेचणारं रबरी चक्र निघालं, तर त्याच्या पात्या पडून पडून एकाच बाजूला मुडपलेल्या आणि एक तुटलेली. तुकडा वरच्या नळीत अडकला असणार. नळीला तोंड लावून तिने ओढलं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत ओढलं. खाऱ्या पाण्यासकट तुकडा तोंडात आला. मग चक्र उलटं करून बसवलं, म्हणजे मुडपलेल्या पात्या दुसऱ्या अंगाने जोर धरतील.

धार आली. बारीक, पण आली.

दोनेक मैल गेले आणि मोटर गचके खाऊ लागली. या वेळी पेट्रोल. ते खेचणाऱ्या पंपाचा पडदा फाटला होता, आणि तसला पडदा मधल्या पाण्यात कोण देणार? टाकीच्या नळीत एक रबरी फुगा असतो. मोटर सुरू करताना तो दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. एल्मिनाने नळी ओढून तो फुगा नॉर्वेलच्या मुठीत दिला.

"दाबत राहायचं. तू थांबलास की मोटर थांबली."

"शेवटी कामाला लावलंसच मला."

मोटर चालली. दाबता दाबता तो बोलत होता. बायकोला निरोप गेला का विचारलं. आता पुन्हा समुद्रात पाय ठेवणार नाही म्हणाला, आणि ठेवायला आधी पाय तरी हवेत, असं वर स्वतःच म्हणाला. ऊन कलत होतं. पलीकडची घरं दिसू लागली तेवढ्यात मोटर पुन्हा गचकली.

"नॉर्वेल, दाब."

"दाबतोय की."

तिने वळून पाहिलं. तो आकाशाकडे बघत होता. कपाळावर घाम, जबडा आवळलेला, खांदा ताणलेला. बोटं मात्र फुग्यावर नुसती पडली होती.

"दाबतोय ना मी?"

"हो. तसाच दाब."

मोटर वळवायचा दांडा न सोडता तिने पाय लांब केला आणि त्याच्या बोटांसकट फुगा टाचेखाली घेतला. त्याला कळलं नाही. मोटर सावरली. धक्का येईपर्यंत ती दाबत राहिली, पोटरीत गोळा आला तरी.

धक्क्यावर दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन आली. नर्स वाकून एकेक विचारू लागली. किती खोल गेला होता, वर कधी आला, कुठे कुठे बधिर आहे.

"पाय तेवढे," नॉर्वेल म्हणाला. "हात ठणठणीत. अर्धं सरोवर मीच पेट्रोल दिलंय, ताईला विचारा."

नर्सने एल्मिनाकडे पाहिलं. कागदावर पेन थांबलं होतं.

"हातही गेलेत," एल्मिना म्हणाली. "अर्धा तास झाला."

नॉर्वेलने मान वळवून आपल्या बोटांकडे पाहिलं. त्यांवर टाचेचा वळ उठला होता. मग तिच्या पायाकडे पाहिलं. चौघांनी उचललं तेव्हा म्हणाला,

"जड झालीयेस गं, ताई."