वेशीबाहेरची माती

ब्रुकस्टेटच्या नगरसभेने एका चोरट्या पाद्र्याला परस्पर फासावर लटकवलं आणि बिशप गेर्लाखचं डोकंच फिरलं. पाद्री चोर असला तरी त्याचा न्याय बिशपनेच करायचा, असा चर्चचा कायदा. त्याने अख्ख्या गावावर बंदी घातली. चर्चमध्ये मिस्सा-प्रार्थना नाही, घंटा नाही, मेलेल्याला चर्चच्या अंगणात जागा नाही. नगरसभा माफी मागेपर्यंत हे असंच चालायचं. तीही शेरास सव्वाशेर निघाली. हिवाळा सरला, उपवासाचे दिवस आले, तरी कुणी वाकेना. मेलेल्यांना वेशीबाहेर जवसाच्या शेतात पुरायचे, जनावरं पुरावीत तसे.

गाव काही परकं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ! गेर्लाख तिथल्याच पाणचक्कीवाल्याचा मुलगा. आईने हट्टाने त्याला मठाच्या शाळेत घातलं, तिथून तो राजाचा कारकून झाला आणि पुढे बिशप. ही गादी उमरावांच्या पोरांची. त्यामुळे चर्चमधले वरचे पाद्री पाठीमागे त्याला 'पीठवाला' म्हणत. एकदा नमलो तर हे आपल्याला कच्चं खातील, ही धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही.

मार्चमध्ये थोरली बहीण मेख्तिल्ड बिशपच्या गडावर आली. पाय चिखलाने भरलेले. तिने ना अंगठीचं चुंबन घेतलं, ना गुडघा टेकला.

"गेर्लाख, आई गेली रे."

तो मटकन खाली बसला आणि रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "तिला अंगणात पुरा, बाबांच्या शेजारी. मी परवानगी देतो."

"आणि पिंपं बनवणाऱ्या हेन्नेकेची दोन लेकरं? त्यांना आईनेच शेवटची आंघोळ घातली. ती जवसात पडलीत."

"अगं, कायदा आहे तो."

"मग आईला नाही का लागत तुझा कायदा?" मेख्तिल्डचा आवाज चिरकला. "जाताना म्हणाली, 'माझ्या एकटीसाठी दार उघडलं तर मला आत नेऊ नका. त्याला सांग, सगळ्यांसाठी उघड. माझं एवढं ऐक म्हणावं.'"

"सगळ्यांसाठी उघडलं तर मी हरलो, ताई. हे लोक मला जगू देणार नाहीत."

"बरं. मग जिंक तू," असं म्हणून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी आईला पुरायच्या वेळी तो साधा झगा घालून जवसाच्या शेतात गेला. मागे, बांधावर, त्याचे वरचे पाद्री घोड्यांवर बसून बघत होते. गावचा म्हातारा फादर टिले ओठ आवळून उभा होता. इथे प्रार्थना म्हणेल त्या पाद्र्याचा झगा उतरवून त्याला पदावरून काढायचं, हा हुकूम बिशपचाच. आईला खड्ड्यात ठेवलं तेव्हा मात्र गेर्लाखला राहवलं नाही. त्याने हात जोडून मेलेल्यांची प्रार्थना सुरू केली.

"गप्प बसा, महाराज!" हेन्नेकेची बायको कडाडली. "माझ्या लेकरांना जे मिळालं नाही, ते हिलाही नको. नाहीतर सगळ्यांसाठी म्हणा!"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. 'उघडा दारं', एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते अगदी जिभेवर आले. त्याने बांधाकडे पाहिलं आणि ते गिळले. मेख्तिल्डने त्याच्या हातात फावडं दिलं. त्याने आईवर माती लोटली.

ही बातमी गावात वणव्यासारखी पसरली. ज्याने जन्मदात्या आईला सोडलं नाही, तो आपल्याला काय सोडणार, या भीतीने नगरसभेची गाळण उडाली. आठवडाभरात म्हातारे सभासद अनवाणी गडावर आले आणि गुडघे टेकून माफी मागून गेले. वरचे पाद्रीही पहिल्यांदाच त्याच्यापुढे मनापासून वाकले. पीठवाला म्हणायची आता कुणाची छाती नव्हती.

घंटा वाजल्या. गेर्लाख मीठ, राख आणि पाणी घेऊन जवसाचं शेत पवित्र करायला आला. शेताभोवती फेरी घालून तो आईपाशी थांबला. मेख्तिल्ड तिथे बसली होती.

"झालं ना सगळं आईच्या मनासारखं?" त्याने विचारलं. "सगळ्यांसाठी उघडलं मी."

ती थडग्यावरची ढेकळं फोडत राहिली.

"आई नेहमी म्हणायची, आमचा गेर्लाख कुणाचं ऐकत नाही," ती म्हणाली. "आणि मी वेडी तिला सांगायचे, तुझं ऐकेल गं."