एकेचाळीस निरोपांची रांग

मी एक जुनी रांग आहे, मित्रांनो. पण तिकीटखिडकीपुढची नव्हे. तिथली धक्काबुक्की मी खपवून घेतली नसती. मी संगणकाच्या आत राहते. एक प्रोग्राम माझ्याकडे निरोप ठेवतो, दुसरा सवडीने येऊन उचलतो. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. त्यांचा संसार माझ्यामुळे चालतो.

मला एका वहिनीने सी भाषेत घडवलं. तिची नणंद इस्पितळातली रक्ततपासणीची प्रयोगशाळा सांभाळायची. यंत्राजवळचा प्रोग्राम निकाल पाठवायचा, छपाईचा प्रोग्राम तो कागदावर उतरवायचा. पूर्वी ते थेट बोलत. एक झोपला की दुसऱ्याचं बोलणं वाऱ्यावर. मग वहिनीने 'एमएसजीगेट' अशी आज्ञा देत मला बोलावलं, दोघांना एकच किल्ली दिली आणि मी मध्ये उभी राहिले. प्रत्येक निरोपावर आकडा असायचा. तातडीचा एक, साधा दोन. छपाईवाल्याने आधी एक न्यायचा, मगच दोन.

मला अक्षर वाचता येत नाही. पण ठेवलेला निरोप मी कधी हरवला नाही. पाठवणारा बंद पडला तरी त्याचा शब्द माझ्यापाशी शाबूत. शिकलेल्या किती जणांना हे जमतं?

"वहिनी, तुझी रांग आईवर गेलीय गं! ठेवलेलं काही विसरत नाही," नणंद म्हणायची.

"मी कुठे काय बोलले, ताई?" वहिनी हसून म्हणायची.

एका दुपारी नणंदेने घाईत छपाईच्या प्रोग्रामची खिडकीच बंद केली. कुणाच्या लक्षात आलं नाही. निरोप येत राहिले आणि मी शिगोशीग भरले. भरल्यावर मी पाठवणाऱ्यालाही थांबवते. नियम म्हणजे नियम. यंत्र अडलं आणि बोल मात्र मला!

"वहिनी, तुझी रांग तुंबली! काल जन्मलेल्या बाळाचा निकाल अडकलाय. बाळ पिवळं पडलंय, रक्त बदलायचं का ते त्यावर ठरणार. डॉक्टर दारात उभे आहेत. बंद करून चालू कर सगळं!"

तिथली रीतच ती. काही अडलं की बंद करा, चालू करा. वहिनीचा हात पुढे गेला आणि माझा जीव टांगणीला लागला. कारण चाचणीच्या दिवसांत तिनेच एक ओळ लिहिली होती: सुरू होताना जुनी रांग पुसून नवी करावी. ती काढायची राहून गेली होती. मी पुसली गेले असते, तर बाळाचा निकालही गेला असता आणि त्याला पुन्हा टोचावं लागलं असतं.

ती ओळ आठवून वहिनीचा हात मध्येच थांबला. तिने आधी माझी नोंद पाहिली.

"ताई, हिच्यात एकेचाळीस निरोप आहेत! ही तुंबलेली नाही, उचलायलाच कुणी आलेलं नाही. छपाई कुणी बंद केली?"

"अगंबाई! मीच की काय?"

"ते नंतर भांडू."

तिने ती ओळ खोडली आणि फक्त छपाई सुरू केली. बाळाचा निरोप सगळ्यांत शेवटी आला होता, पण आकडा एक. तोच पहिला निघाला. नणंद कागद घेऊन धावली, एक चप्पल तिथेच टाकून.

मित्रांनो, काम संपलं की मला जरूर पुसा. रिकामं बसून जागा अडवणं माझ्या रक्तात नाही. पण पुसण्याआधी विचारा, आत कितीजण थांबलेत. मी आपणहून काही बोलणार नाही. विचारलंत, तर आकडा चोख सांगेन.